काळा खडा डावीकडे

१

उत्तर बरोबर होतं. सगळा घोटाळा तिथेच होता.

साप्ताहिकाच्या कचेरीत सकाळच्या टपालात एक साधं पाकीट आलं. आत दोन कागद होते. एकावर टाइप केलेला मजकूर. दुसऱ्यावर पेन्सिलीने काढलेलं गोल टेबल, चार खुर्च्या आणि बाण. सही नव्हती, खाली फक्त ‘एक जुना वाचक’. संपादकांनी ते वाचलं, तिजोरीतून शेवटच्या भागाची पानं काढली, ताडून पाहिली आणि मालकांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

बातमी छकुलीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. छकुली म्हणजे मास्तरांची मुलगी. तिशी उलटली तरी घरात आणि कचेरीत ती छकुलीच. ती तडक कोर्टात गेली, वार्ताहरांच्या बाकावरून आपल्या मावशीला उठवून बाहेर आणलं आणि जिन्यातच तिला रडू फुटलं.

मावशी एका दैनिकासाठी कोर्टाच्या बातम्या लिहायची. माणसं रडताना तिने रोज पाहिली होती.

"रड नंतर. आधी सांग, कोण गेलं?"

"मुकी गेली, मावशी."

"मुकी कोण?"

छकुलीने डोळे पुसले आणि अविश्वासाने तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या सख्ख्या मेव्हण्याने जन्म घालवला तिच्यावर. एक अंक तरी उघडलास का गं कधी?"

नव्हता उघडला. म्हणून छकुलीला सुरुवातीपासून सांगावं लागलं. ‘मुकीचा डाव’ ही जुगारावरची मांगा, म्हणजे जपानी धर्तीची चित्रकथा. मास्तर ती दर आठवड्याला काढत आणि साप्ताहिक तिच्या जिवावर चालत होतं. मुकी ही तिची नायिका. पण मुकीवर मास्तरांचा हक्क नव्हता. तरुणपणी त्यांनी मालक म्हणतील तिथे सही केली होती. आता कथा संपत आली तेव्हा पैज लागली होती. मुकीचा शेवटचा डाव अर्ध्यावर थांबवायचा आणि वाचकांना विचारायचं, ती यातून सुटते कशी? शेवटचा अंक छापायला जाण्याआधी एकाही वाचकाने बरोबर उत्तर दिलं, तर मुकी कायमची मालकांची. ते हव्या त्या माणसाकडून तिची पुढची चित्रं काढून घेणार. कुणालाच जमलं नाही, तर मुकी मास्तरांकडे परत.

"अंक छापायला कधी जातो?"

"आज संध्याकाळी. पत्रं आली ढिगाने, सगळी चुकीची होती. मावशी, हे उत्तर कुणाला सुचणारच नाही. कुणीतरी फोडलंय."

"फोडलं असेल तर?"

"घरातल्या किंवा कचेरीतल्या माणसाचं उत्तर बाद. आणि ज्या बाजूने लबाडी केली, ती बाजू हरली. तसं लिहिलंय. संध्याकाळपर्यंत शोधून दे. मला दुसरं काही नाही गं आयुष्यात."

शेवटचं वाक्य मावशीला खटकलं. कथा बापाची आणि आयुष्य हिचं कसं, हे विचारायचं तिने पुढे ढकललं.

२

मालक नीटनेटके गृहस्थ होते. त्यांनी मावशीला बसायला सांगितलं, पण उत्तराचा फोटो काढू दिला नाही.

"बघा हवं तेवढं. मी कुठे पळतोय?"

मावशीने मजकूर वाचला, तिला ओ की ठो कळलं नाही. मग तिने टेबलाचं चित्र आपल्या कागदावर उतरवून घेतलं. खुर्च्यांवर टाइप केलेली नावं चिकटवली होती, मुकी, वकील, डॉक्टरीण, खलाशी. बाण एकाकडून दुसऱ्याकडे जात होते.

"शेवटची पानं कुणी कुणी पाहिली होती?"

खिडकीपाशी उभ्या असलेल्या संपादकांनी घसा खाकरला. "मास्तर, त्यांची मुलगी, काळं भरणारा आमचा शाईवाला आणि मी. माझं नाव मीच घेतो, म्हणजे तुमचा त्रास वाचला."

"आणि मालक?"

"मी चित्रकथा वाचत नाही बाई," मालक म्हणाले. "मी त्या विकतो."

"फायदा मात्र तुमचाच."

"आहेच. म्हणून तर तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात." ते जराही चिडले नाहीत. "पण एक गोष्ट विचारायची राहिली तुमची. पैजेची कल्पना कुणाची?"

"तुमची, असं मी धरून चालले होते."

"मला काय गरज? मुकी कागदोपत्री माझीच होती. मास्तर स्वतः आले होते, याच खुर्चीत बसून म्हणाले, लावता का पैज? मी म्हटलं, तुम्ही हरलात तर? म्हणाले, हरलो तर मुकीवर पुन्हा दावा सांगणार नाही, घरी जाऊन झोपेन. खप वाढणार म्हणून मी हो म्हटलं."

"उत्तर देणाऱ्याचं नाव-गाव नसलं तरी चालेल, ही अट?"

"तीही त्यांचीच. वाचक लाजाळू असतात म्हणाले."

मावशीने ते लिहून घेतलं नाही. लिहिण्याची गरज वाटू नये इतकं ते मनात रुतलं.

३

मास्तरांचं घर दोन खोल्यांचं आणि एक खोली कामाची. कामाच्या खोलीचं दार बंद होतं. मास्तर आत पडून होते, सकाळपासून जेवले नव्हते.

मावशीने अंकांचा गठ्ठा पुढे ओढला, पहिला अंक उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हिचा शेवट पहिल्या पानावर कसा?"

"उलटीकडून उघडलास," छकुली म्हणाली. "मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात."

"कोर्टातही काही वकील असेच वाचतात," मावशी म्हणाली आणि अंक फिरवला.

ती भराभर वाचत गेली. इथे पैशाचा जुगार नव्हताच. प्रत्येक डावात माणूस स्वतःची अशी एखादी वस्तू लावायचा, जी गेली तर तो तो राहणार नाही. गवई आपले कान पणाला लावायचा, आंधळा आठवणी लावायचा. मुकीने पहिल्याच डावात आवाज घालवला होता आणि सगळी कथा तो परत मिळवण्याची होती.

"शेवटचा डाव समजाव मला. लहान मुलाला सांगतात तसा."

छकुलीने चार कप मांडले. "ही मुकी. हिच्या डाव्या हाताला वकील. समोर डॉक्टरीण. उजव्या हाताला खलाशी. प्रत्येकाच्या मुठीत एक खडा, तीन पांढरे, एक काळा. घंटा झाली की प्रत्येकाने आपला खडा डाव्या हाताच्या माणसाला द्यायचा. चार घंटा झाल्या की मुठी उघडायच्या. काळा ज्याच्याकडे, त्याने लावलेलं गेलं."

"सुरुवातीला काळा कुणाकडे?"

"मुकीकडे."

मावशीने बोटाने कपांवरून फेरी मारली. मुकीकडून वकील, वकिलाकडून डॉक्टरीण, मग खलाशी आणि चौथ्या घंटेला परत मुकी. "म्हणजे मेलीच की ही!"

"सगळे वाचक तिथेच अडकले. कुणी म्हणालं, खडा गिळते. कुणी म्हणालं, बाहीत लपवते. पण खडा लपवणारा तिथल्या तिथे हरतो."

"मग काय करते?"

छकुलीने मुकीचा कप उचलला आणि बाजूला ठेवला. "उठते."

"उठते म्हणजे?"

"टेबल सोडून जायला मनाई नाही. फक्त जाणाऱ्याने आधी जे गमावलं ते कायमचं गेलं, या डावात लावलेलं मात्र वाचतं. कुणी जात नाही, कारण गमावलेलं परत मिळवायला तर सगळे बसलेले असतात. मुकी तिसऱ्या घंटेनंतर उठते. आवाज सोडून देते. खलाशाच्या डाव्या हाताला आता वकील येतो. काळा खडा वकिलाकडे."

"हे कुणाला सुचलं?"

"बाबांना. मला अजून पटलेलं नाही. एवढं सोसून शेवटी उठून जायचं?"

मावशीने खिशातून आपला कागद काढला आणि कपांशेजारी ठेवला. मग तिने कागदाकडे पाहिलं, कपांकडे पाहिलं आणि पुन्हा कागदाकडे.

"छकुले, माझं काहीतरी चुकलंय. माझ्या चित्रात वकील मुकीच्या उजव्या हाताला बसलाय."

४

तिने संपादकांना फोन लावला. ते मूळ चित्र समोर घेऊन बसले.

"तुमचं काही चुकलेलं नाही. इथेही उजव्याच हाताला आहे. बाणही सगळे उजवीकडे. आरशात पाहावं तसं."

"तुम्हाला हे खटकलं नाही?"

"मांगा उलटीकडून वाचतात ना, त्यात गोंधळला असेल वाचक. उत्तर शब्दांत बरोबर आहे, मालकांना तेवढं पुरे."

मावशीने फोन ठेवला. पान कुठल्याही बाजूने उलटा, चित्रातल्या माणसाचा डावा हात काही उजवा होत नाही. इतकी वर्षं दर आठवड्याला खडा डावीकडे जाताना पाहिलेला ‘जुना वाचक’ तो उजवीकडे पाठवणार नाही. ज्याने कुणी हे चित्र काढलं, त्याच्या डोळ्यांसमोर ते टेबल उलटंच होतं.

शाईवाला पलीकडच्या गल्लीत राहायचा. त्याने दार उघडलं तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते आणि बोटं नखांपर्यंत काळी.

"आलात? मला वाटलंच, पहिला चोर मीच."

"चोर नाही म्हटलं अजून."

"संपादक म्हणाले ना सकाळी! म्हणाले, पुढच्या आठवड्यापासून येऊ नकोस. मुकीचे केस कुणी भरलेत आजपर्यंत? मी. तिच्या प्रत्येक रात्रीचं आभाळ मी भरलंय, आणि मी तिला विकीन?"

मावशीने त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. "शेवटचं टेबल काढून दाखवा."

त्याने वर न बघता चार फटकाऱ्यांत टेबल काढलं. वकील डाव्या हाताला, बाणही डावीकडे. मग मावशीने आपला कागद दाखवला आणि तो पहिल्यांदाच हसला.

"हे कुणी गाढवाने काढलंय? मला झोपेतून उठवून विचारा, असं होणार नाही."

"तुमच्याकडे पानं कुठून येतात?"

"ताईंकडून. मास्तर दाराआड असतात. ताई काचेवर दिवा लावून गिरवतात, मग मला..."

तो थांबला. काळी बोटं त्याने मुठीत मिटली.

"काय गिरवतात?" मावशीने विचारलं.

"काही नाही. चुकून बोललो."

"मास्तरांना काढताना शेवटचं कधी पाहिलंत?"

शाईवाला उठला आणि त्याने दार उघडं धरलं. "बाई, मला चोर म्हणा हवं तर. पण हे विचारू नका."

५

छकुली कप तसेच मांडून बसली होती. मावशी तिच्यासमोर बसली.

"मुकी कोण काढतं?"

"बाबा."

"कोर्टात साक्षीदार इतक्या पटकन उत्तर देतो तेव्हा मी पेन खाली ठेवते. छकुले, संध्याकाळ होत आली. कोण काढतं?"

छकुलीने बंद दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"त्यांचा उजवा हात गेलाय. थरथरतो. सरळ रेघ येत नाही. कधीपासून ते विचारू नकोस, मलाही मोजायचं नाही. मालकांना कळलं असतं तर त्यांनी दुसरा चित्रकार बसवला असता. म्हणून मी काढते. त्यांच्यासारखं. त्यांच्या नावाने."

"मग ते काय करतात?"

"कच्चं. डाव्या हाताने. माणसं कुठे बसली, कोण कुठे बघतंय, एवढंच." ती कसनुशी हसली. "आणि गंमत बघ, डाव्या हाताने काढलं की त्यांचं सगळं आपोआप उलटं येतं. अक्षरही. डॉक्टर म्हणाले, होतं असं काही जणांचं. मी त्यांचं कच्चं काचेवर पालथं घालते, खालून दिवा लावते आणि मागच्या बाजूने गिरवते. मग सुलटं होतं. त्यांना मी कधी सांगितलंसुद्धा नाही की..."

ती बोलता बोलता थांबली. समोर मावशीचा कागद होता, वकील उजव्या हाताला असलेला. तिने तो उचलला, पालथा घातला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. मागून दिसणारं टेबल अगदी बरोबर होतं.

"की तुमचं उलटं येतं," मावशीने तिचं वाक्य पुरं केलं. "त्यांना माहीतच नाही. संपादकांनी पाहिलं ते तुझं पक्कं चित्र. शाईवाल्याने पाहिलं तेही तुझंच. उलटं टेबल या घराबाहेर कुणी पाहिलेलं नाही. आणि तू काढलं असतंस तर सवयीने आधी पालथं घातलं असतंस. हे एकाच माणसाने काढलंय, ज्याला ते सुलटं वाटतं."

छकुली उठली आणि तिने कामाच्या खोलीचं दार उघडलं.

६

मास्तर पलंगावर उशीला टेकून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्यांनी मावशीच्या हातातला कागद पाहिला.

"उलटं आलं होय? मी तर नीट बघून काढलं होतं."

"बाबा, का?"

त्यांनी पांघरूण बाजूला सारलं. तेव्हा मावशी म्हणाली, "पैज तुम्हीच मागितलीत. निनावी उत्तराची अटही तुमचीच. जिंकायला निघालेला माणूस असलं दार उघडं ठेवत नाही. तुम्हाला हरायचं होतं. फक्त हिला कळू न देता."

"तुला एका प्रकाशकाचा फोन आला होता, तो मी ऐकला होता," मास्तर छकुलीकडे न बघता म्हणाले. "तुझी स्वतःची गोष्ट मागत होता ना तो? पुस्तक करतो म्हणत होता. तू काय म्हणालीस? वेळ नाही, बाबांचं काम आहे. मुकी माझ्याकडे परत आली असती तर तू मरेपर्यंत माझ्या नावाने रेघा ओढत बसली असतीस. मालक घेऊन गेले असते तर उठली असतीस. नुसतं ऊठ म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?"

"मग विचारायचं नाही?" छकुलीचा आवाज चिरका झाला. "माझी मान मोडली त्या काचेवर! शेवटच्या किती भागांत तुमची एक रेघ आहे, सांगा? आणि तुम्ही ती उचलून परस्पर पणाला लावली. वर हरायचं म्हणून! त्या गोष्टीतल्या नालायकातल्या नालायक माणसानेसुद्धा स्वतःचंच लावलंय, बाबा. दुसऱ्याचं नाही!"



मावशी हिशेब मांडत होती. गप्प बसलं तर मुकी मालकांची. खरं सांगितलं तर लबाडी मास्तरांच्या बाजूने झाली, म्हणजेही मुकी मालकांची. शोध तर लागला होता आणि त्याचा उपयोग शून्य होता. हे तिने दोघांना तसंच सांगितलं, काही न लपवता.

"मग कशाला शोधलंस?" छकुली म्हणाली.

"तू आत्ता जे बोललीस, ते पुन्हा म्हण."

"काय?"

"की ती तुझी आहे." मावशीने पर्स उचलली. "मालकांकडे सही आहे ती मास्तरांच्या चित्रांसाठी. तुझ्या चित्रांसाठी तुझी सही त्यांनी कधी घेतली? मुकी हे नाव आणि जुने भाग त्यांच्याकडे जातील, ते मी वाचवू शकत नाही. पण शेवटचा अंक तुझ्या हातचा आहे. तुझ्या सहीशिवाय तो आज छापता येणार नाही, आणि तो छापला नाही तर त्यांच्याकडे अर्धवट गोष्ट उरते. ते बोलायला तयार होतील. फक्त एक आहे."

ते काय आहे हे तिघांनाही कळलं होतं. बोलली ती मावशीच. "तुला सगळ्यांसमोर सांगावं लागेल की मास्तर काढत नाहीत."

छकुलीने बापाकडे पाहिलं. "मग राहू दे," ती म्हणाली. "जाऊ दे मुकी."

मास्तर पलंगावरून उतरले आणि पायांनी चपला शोधू लागले.

७

मालकांच्या खोलीत संपादक होते, शाईवाला होता, छापखान्याचा फोरमन दारात खोळंबून उभा होता. मावशीने जे सांगायचं ते सांगितलं. उत्तर कुणी पाठवलं हेही सांगितलं, कारण अर्धवट खरं सांगून चालणार नव्हतं.

मालकांनी शांतपणे ऐकलं. मग हसले.

"छान रचलंय. लबाडी पकडली गेली, म्हणून आता चित्रकारच बदलला. उद्या म्हणाल, साप्ताहिकही छकुलीचंच." ते मास्तरांकडे वळले. "मास्तर, मी तुमच्या तोंडून ऐकेन. तुम्ही नाही म्हणा, मी विषय बंद करतो. पैज तुम्ही हरलात, तुम्हाला हवं होतं तसं. पाठवलेल्या उत्तराबद्दल मी कुठे अवाक्षर काढणार नाही. मुकी जिथे जाईल तिथे खाली तुमचंच नाव राहील. मुलगी मोकळी. तुम्हाला हेच हवं होतं ना?"

हेच हवं होतं. मावशीला वाटलं, मालकांनी याहून चांगला डाव टाकला नसता. एक ‘नाही’ म्हटलं की मास्तरांचं सगळं साधत होतं.

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. तिने त्यांना काहीच सांगितलं नाही, ‘हो’ म्हणा असं नाही, ‘नाही’ म्हणा असंही नाही.

मास्तरांनी खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि मालकांच्या टेबलावर ठेवला. टेबलावर काच होती. हात काचेवर थडथडायला लागला. शेजारचा पाण्याचा पेला किणकिणला, आतलं पाणी हिंदकळलं. शाईवाल्याने तोंड फिरवलं. फोरमन दारातून एक पाऊल मागे सरकला.

"बाबा, हात काढा," छकुली पुटपुटली. "सगळे बघतायत."

"बघू दे."

त्यांनी हात तसाच ठेवला. मालकांना नजर खाली घालावी लागेपर्यंत ठेवला.

मग बोलणी झाली. मुकीचे जुने भाग आणि नाव मालकांकडे गेलं. शेवटचा अंक छकुलीचा राहिला, आणि पुढे मुकीची नवी गोष्ट काढायची तर ती तिच्याच हातून, तिच्याच नावाने, असं ठरलं. मालकांनी मसुद्यावर सही केली, कारण खाली यंत्रं थांबलेली होती. शाईवाल्याला पुढच्या आठवड्याचं काम मिळालं. संपादकांनी पहिल्या पानावरचं मास्तरांचं नाव काढलं आणि त्या जागी काय घालायचं ते विचारलं. छकुलीने आपलं खरं नाव सांगितलं. संपादकांना ते दोनदा विचारावं लागलं. इतक्या वर्षांत कुणाला ते माहीतच नव्हतं.

बाहेरच्या बाकावर मास्तर मावशीशेजारी येऊन बसले. आतून छकुलीचा आवाज येत होता. मुकीच्या नव्या गोष्टीची पहिली पानं कधी द्यायची, ते ती संपादकांशी ठरवत होती.

"उठली नाही ती," मास्तर म्हणाले.

"नाही," मावशी म्हणाली. "बसलीच आहे."